दही घेऊन विद्यापीठात

दही बिघडलं ही गोष्ट मीटरकाकांनी दोन दिवस कोणाला सांगितली नाही. पण नंतर लपवण्यात अर्थ उरला नाही. चमचा वर उचलला की त्याच्यामागोमाग दही तार होऊन वर यायचं, आणि चमचा खिडकीपर्यंत नेला तरी ती तार तुटायची नाही.

नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली, म्हणून त्यांना सगळे मीटरकाका म्हणत. निवृत्तीनंतर मीटर सुटले, नाव मात्र चिकटून राहिलं. स्वभावही. काट्यावर दिसतं तेवढंच खरं, बाकी सगळं ऐकीव, असा त्यांचा बाणा होता.

एका बाबतीत मात्र त्यांनी कधी काटा मागितला नाही, आणि ती बाब म्हणजे हे दही. त्यांच्या बायकोने लग्न होऊन येताना माहेरहून छोट्या बरणीत विरजण आणलं होतं. त्यातलं चमचाभर दुधात, त्या दह्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवशीच्या दुधात, असं ते एकही खंड न पडता चालू होतं. निदान पाहुण्यांना मीटरकाका असं सांगत. "आमचं दही आमच्या लेकीपेक्षा वयाने मोठं आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आलं की बायको उठून चहा टाकायला आत जायची.

उन्हाळा संपता संपता ती गेली. तिचे कपडे लेकीने वाटून टाकले. गॅलरीतली झाडं पाणी घालूनही वाळली, कदाचित पाणी घातल्यामुळेच. दही मात्र चालू राहिलं. तोवर मीटरकाका स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात असत, पण आता ते रोज संध्याकाळी दूध तापवत, बोट घालून बघत, भाजून घेत, पुन्हा बघत आणि चमचाभर विरजण घालत. तिच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. असलं बोलायची त्यांना सवय नव्हती.

आणि आता थंडी पडली, आणि दह्याला तार सुटली. दुसऱ्या दिवशी जास्त सुटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन केला.

"बाबा, दुकानात डबा मिळतो," लेक म्हणाली.

"ते दही असतं. हे आपलं दही आहे."

"बिघडलेलं आहे ना पण? खाऊ नका हं. पोट बिघडेल."

मीटरकाकांनी फोन ठेवला. शिकलेली मुलगी, काय बोलणार.

खालच्या मजल्यावर एक बाई शिवणकाम करत. सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. बातमी त्यांच्याकडे कशी पोचली कोण जाणे, पण जिन्यात त्यांनी मीटरकाकांना गाठलंच. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या.

"भाऊजी, माझ्याकडचं न्या की चमचाभर," त्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या.

"आभारी आहे. पण तुमचं ते तुमचं. मला हिचं पाहिजे."

शिवणबाई काहीतरी बोलणार होत्या. पण तेवढं मोठं बोलायचं तर टाचण्या काढाव्या लागल्या असत्या, आणि मीटरकाका तोवर वरच्या पायरीवर पोचले होते. मान ताठ ठेवून जिना चढणं त्या वयात सोपं नसतं, पण त्यांनी ते केलं.

वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांना माहीत नाही असा विषय जगात अजून निघायचा होता. त्यांनी वाटी उजेडात धरली, हुंगली आणि मान हलवली.

"हे घरगुती काम राहिलेलं नाही, मीटरकाका. विद्यापीठात न्या. तिथे सूक्ष्मजीवांचा अख्खा विभाग आहे. गच्चीवरून टेकडी दिसते ना, ती सगळी विद्यापीठाचीच."

"अर्धी वाटी नेतो. अर्धी घरी ठेवतो."

"तिथेच चुकता तुम्ही. डॉक्टरकडे जाताना माणूस अर्धा जातो का? नमुना पूर्ण न्यावा. आणि सोबत चमचा न्या, त्यांचे चमचे कुठे कुठे बुडवलेले असतात, देव जाणे."

हे मीटरकाकांना पटलं. त्यांनी भांड्यातलं दही खरवडून खरवडून एका झाकणाच्या वाटीत भरलं, घासलेला चमचा रुमालात गुंडाळला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते बसने निघाले. मांडीवर वाटी. शेजारच्या माणसाने विचारलं, "प्रसाद का?" त्यांनी वाटीचं झाकण आणखी घट्ट दाबलं.

विद्यापीठाच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने वही पुढे केली.

"कामाचं स्वरूप?"

"दही."

"दही हा विषय नाही. विभाग सांगा."

"सूक्ष्मजीव."

रक्षकाने खण उघडला आणि बंद केला. अभ्यागतांचे बिल्ले सकाळीच संपले होते. बिल्ल्याशिवाय आत सोडायचं नाही असा नियम होता, पण कोणता बिल्ला याबद्दल नियम नव्हता. त्याने शिल्लक राहिलेला एक निळा बिल्ला मीटरकाकांच्या खिशाला लावला. त्यावर छापलं होतं, 'तज्ज्ञ पाहुणे'.

"हे बरोबर नाही," मीटरकाका म्हणाले.

"काका, रंगाने काय फरक पडतो? सरळ जा, मग डावीकडे."

रंगाने काय फरक पडतो, हे पहिल्याच इमारतीच्या पायऱ्यांवर कळलं. तिथे एक तरुण माणूस हाताची बोटं चोळत उभा होता. निळा बिल्ला दिसताच तो धावत खाली आला.

"सर, या, या. सगळे आपलीच वाट बघतायत."

"माझी?" मीटरकाका चकित झाले. हेडमास्तरांनी फोन केला असेल, असं त्यांना वाटलं. "मी हे दही…"

"ते सगळं नंतर होईल, सर. आधी आत चला."

आणि त्यांना एका लांबट दालनात नेऊन पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवण्यात आलं. समोर पाण्याची बाटली, कोरे कागद आणि एक जाडजूड प्रबंध. मीटरकाकांनी वाटी मांडीवर घेतली. सरकारी कामात आधी बसवून ठेवतात हे त्यांना ठाऊक होतं. इथे निदान पंख्याखाली बसवत होते.

समोर एक मुलगी उभी राहिली. तिने खोल श्वास घेतला आणि पडद्यावर एक गोगलगाय आली.

त्या मुलीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती आणि विषय होता गोगलगायीचा चिकटा. तो ओढला की तार होतो, सोडला की थेंब होतो. गोगलगाय त्यालाच चिकटते आणि त्यावरूनच घसरते. एकाच पदार्थाला ही दोन्ही कामं कशी जमतात, हे त्या मुलीला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी तिने गोगलगायींना काचेवर, वाळूवर, उलट्या टांगलेल्या फळीवर चालवलं होतं. कोण किती हळू चालते याचे आलेख होते. एक गोगलगाय मध्येच झोपली होती, तर ती उठेपर्यंत मुलगी बसून राहिली होती, आणि तेही प्रबंधात लिहिलेलं होतं.

मीटरकाकांचं तोंड उघडं राहिलं. हसू आलं म्हणून नव्हे. आयुष्यभर त्यांनी बागेतल्या गोगलगायी पायाने बाजूला सारल्या होत्या. कोणीतरी त्यांच्यासाठी इतकं थांबलं होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"तज्ज्ञांना काही विचारायचं असेल तर," अध्यक्षबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या.

मुलीने टेबलाची कड घट्ट पकडली. मीटरकाकांना वाटलं, काहीच न विचारणं उद्धटपणाचं दिसेल.

"या कामाचा कधी कंटाळा नाही आला?"

मुलगी विचारात पडली. तिने पंचवीस अवघड प्रश्नांची तयारी केली होती, हा त्यात नव्हता.

"आला होता, सर. तिसऱ्या वर्षी. मग गेला."

"कसा गेला?"

"माहीत नाही. गोगलगायी होत्याच समोर. त्यांना खायला घालावं लागायचं."

मागच्या रांगेतल्या कोणीतरी सुस्कारा सोडला. मीटरकाकांनी मान हलवली. संध्याकाळचं दूध त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि घामाघूम झालेले, बॅग हातात धरलेले एक लठ्ठ गृहस्थ आत आले. गाडी चुकली, दुसरी उशिरा आली, सकाळपासून पोटात काही नाही, मी बाहेरचा तज्ज्ञ, असं त्यांनी एका दमात सांगितलं. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मीटरकाकांकडे पाहिलं. मग बिल्ल्याकडे.

पुढची पाच मिनिटं मीटरकाका आयुष्यात विसरणार नव्हते. त्यांना उभं राहावं लागलं. हातातली वाटी टेबलावर ठेवून त्यांनी फाटक, बिल्ले आणि दही यांचा खुलासा पहिल्यापासून केला. आपण फसवणूक केलेली नाही, आपल्या नोकरीत एक खोटा आकडा लिहिलेला नाही, हेही सांगितलं, ज्याची गरज नव्हती. अध्यक्षबाईंनीच दोनदा माफी मागितली. सगळे त्यांच्याभोवती जमले होते, म्हणून टेबलाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

टेबलावर चहा आणि बिस्किटं आलेली होती. त्यांच्या शेजारी वाटी होती, वाटीशेजारी रुमालात चमचा होता. आणि बाहेरचे तज्ज्ञ सकाळपासून उपाशी होते.

"दही छान होतं," ते तोंड पुसत म्हणाले. "जरा तार सुटली होती, पण आजच्या विषयाला शोभून दिसली. कोणाची कल्पना?"

मीटरकाकांनी वाटी उचलून आत बघितलं. तज्ज्ञांना अन्न वाया घालवायची सवय नसावी. वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती.

"ते माझ्या बायकोचं होतं," मीटरकाका म्हणाले.

"घरी अजून लावता येईल ना?" तज्ज्ञांनी विचारलं.

"घरी नाही. सगळं आणलं होतं. आणि ती नाही."

ते खुर्चीवर बसले. रागवायचंही त्यांना सुचेना. इतकी वर्षं खंड पडला नव्हता, आणि तो पडला तर बिस्किटांच्या बशीशेजारी, एका परक्या माणसाच्या पोटात.

त्यांना वाटलं होतं, आता लोक चुकचुकतील आणि त्यांना फाटकापर्यंत सोडतील. तसं झालं नाही. गोगलगाय मुलगी, जिची परीक्षा अजून अर्धी बाकी होती, टेबल ओलांडून पुढे आली.

"वाटी धुऊ नका. पुसू पण नका. झाकण लावा." मग तज्ज्ञांकडे वळून, "सर, तुम्ही पण पाणी पिऊ नका."

"मी का?"

"तुमच्या तोंडात आहे थोडं."

आणि त्या भल्या माणसाने खरोखरच पाण्याचा पेला खाली ठेवला. मुलीने त्याच्या जिभेवरून आणि वाटीच्या कडेवरून गोगलगायींच्या चिकट्यासाठी ठेवलेल्या कापसाच्या काड्या फिरवल्या, नळ्यांत बंद केल्या आणि मगच ती प्रश्नांना उत्तरं द्यायला परत उभी राहिली. तज्ज्ञांनी नंतर तिला एकही अवघड प्रश्न विचारला नाही, असं म्हणतात. पण तिचं काम इतकं चोख होतं की विचारून उपयोगही झाला नसता.

परीक्षा संपल्यावर ती मीटरकाकांना सूक्ष्मजीव विभागात घेऊन निघाली. तो विभाग टेकडीच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळे सगळं विद्यापीठ ओलांडावं लागलं. मीटरकाका प्रत्येक दारापाशी रेंगाळत होते. एका खोलीत एक बाई कानाला यंत्र लावून बेडकांचं ओरडणं ऐकत होत्या आणि कोणता बेडूक कोणाला उत्तर देतो ते टिपत होत्या. एका खोलीत एकजण वाळूचा ढीग रचत होता, कोसळला की पुन्हा रचत होता. जुन्या काळच्या धोब्यांच्या हिशेबावरून त्या काळी लोक किती शर्ट वापरत हे शोधणारे एक गृहस्थ होते. दोन माणसं बोलता बोलता गप्प होतात त्या गप्पपणाचा अभ्यास करणारी एक मुलगी होती. ती स्वतः फार बोलत होती.

एका दारावर लिहिलं होतं, 'गळती संशोधन'.

"म्हणजे पाण्याची गळती?" मीटरकाकांनी विचारलं.

"हो. थेंब जमिनीखाली कुठून कुठे जातो ते सर बघतात. सगळं आयुष्य त्यातच गेलंय त्यांचं."

मीटरकाका दारासमोर उभे राहिले. नोकरीत त्यांनी हजारदा रकान्यात 'गळती' एवढा एक शब्द लिहिला होता आणि पुढच्या घराचं दार वाजवलं होतं. ते पाणी नंतर कुठे गेलं, हे इथे कोणीतरी शोधत बसलं होतं. जगात कोणतीच गोष्ट बेवारस नाही, असं त्यांना वाटलं. कुठल्यातरी खोलीत तिचं कोणीतरी बसलेलं आहे. त्यांनी नकळत चपला काढल्या. मुलीने त्या उचलून परत हातात दिल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

सूक्ष्मजीव विभागातल्या कारकुनाला मात्र असलं काही वाटत नव्हतं.

"एकट्या माणसाचा नमुना आम्ही घेत नाही. शेती, दवाखाना, नाहीतर कारखाना."

"मी पेन्शनर आहे."

"तो रकाना नाही."

शेवटी कारखाना ठरला. उत्पादन, दही. क्षमता, रोज एक भांडं.

"कामगार किती?"

"एक," मीटरकाका म्हणाले. मग म्हणाले, "आधी पण एकच होती. ती मी नव्हे."

कारकुनाने पेन थांबवलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचे सगळे रकाने न विचारता भरून टाकले.

विभागाच्या प्रमुख बाई बारीक आवाजाच्या आणि फार गंभीर होत्या. नळ्या बघून त्या म्हणाल्या, "अवघड आहे. यात तुमच्या दह्यातले जीव आहेत आणि प्रोफेसरांच्या तोंडातले पण. घरचे कोण आणि पाहुणे कोण, ते वेगळं करावं लागेल. तुलनेला आसपासच्या घरांतलं दही आणाल का?"

असं मीटरकाकांना दारोदार दही मागत फिरावं लागलं. हेडमास्तरांनी नळी भरून दिली आणि सोबत अर्धा तास माहितीही. शिवणबाईंनी दार उघडलं तेव्हा ओठांत टाचण्या नव्हत्या.

"आता चालतं वाटतं माझं?"

"तुलनेसाठी आहे. खायला नाही."

"बरं," शिवणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नळी काठोकाठ भरली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. ते हसू होतं की काय हे मीटरकाकांनी बघायचं टाळलं.

काही आठवडे गेले. या काळात दूधवाल्याचं दूध मीटरकाका नुसतंच पीत. मग बोलावणं आलं. बाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर मण्यांच्या माळा होत्या.

"हे तुमच्याकडचे," बाई म्हणाल्या.

मीटरकाका बघत राहिले. एवढी वर्षं ते यांना भाताबरोबर खात आले होते. हात जोडावेत असं त्यांना वाटलं, पण कोणाला जोडायचे ते कळेना.

"जिवंत आहेत?"

"मजेत आहेत. आता दोन गोष्टी सांगते. तार सुटण्याला रोग कारण नाही. ही जात थंडी वाजली की तार सोडते. ऊब मिळाली की गुण्यागोविंदाने नांदते. तुम्ही भांडं कशात गुंडाळता?"

बायको भांडं तिच्या जुन्या लोकरी शालीत गुंडाळून कपाटात ठेवायची. ती गेल्यावर ती शाल लेकीने वाटून टाकू नये म्हणून त्यांनी काढून घेतली होती. ती त्यांच्या उशीखाली होती. स्वयंपाकघरात वापरली असती तर तिचा वास उडाला असता.

"कशातच नाही," ते म्हणाले.

"मग बरोबर. आणि दुसरी गोष्ट गमतीची आहे. दुकानातलं दही तुमच्याशी जुळत नाही. वरच्या मजल्यावरचं थोडंफार जुळतं. पण खालच्या मजल्यावरचं आणि तुमचं सख्खं आहे, अगदी एका घरातलं. शिवाय एकदाच देवाणघेवाण झाली असावी असं दिसत नाही. पुन्हा पुन्हा झालेली दिसते, दोन्हीकडून."

"शक्य नाही. आमच्या दह्यात खंड नाही."

"खंड नाहीच," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त मध्ये मध्ये ते खालच्या मजल्यावर राहायला जात असावं."

काट्यावर दिसतं ते खरं, हा बाणा माणसावर असा उलटतो.

मीटरकाकांनी विरजणासाठी वाटी पुढे केली. बाईंनी मान हलवली. विभागात तयार झालेला जीव अभ्यासासाठी असतो, त्यावर 'खाण्यासाठी नाही' अशी चिठ्ठी लागते आणि तो फाटकाबाहेर जात नाही. इथल्या थंड कपाटात तो मात्र कायम राहील. त्याला नाव द्यावं लागतं. बाईंनी विचारलं, काय देऊ. मीटरकाकांनी बायकोचं नाव सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडून बरेच महिने झाले होते, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी ते रिकामी वाटी घेऊन एक जिना उतरले. मान फार ताठ नव्हती.

"चमचाभर विरजण मिळेल का?"

शिवणबाईंनी यंत्र थांबवलं. "तुमचं ते तुमचं ना, भाऊजी?"

"विद्यापीठ म्हणतं, एकच आहे."

"विद्यापीठ कशाला हवं? मी जिन्यातच सांगणार होते. तुम्ही सगळे गावाला जाऊन आलात की वहिनीचं दही गेलेलं असायचं. मग ती यायची. माझं बिघडलं की मी वर जायची. कोणाचं कोणतं, आम्ही कधी हिशेब ठेवला नाही."

"मला एका शब्दाने बोलली नाही."

"म्हणायची, त्यांना पाहुण्यांना सांगायला आवडतं, राहू दे. तुम्ही सांगायला लागलात की तिला हसू यायचं, म्हणून ती चहा टाकायला आत पळायची."

इतक्या वर्षांचे तेवढे सगळे चहा मीटरकाकांना आठवले. मग त्यांनाही हसू आलं, आणि ते लवकर थांबेना. शिवणबाईंनी तोवर वाटी भरून झाकण लावलं आणि मशीनकडे तोंड करून बसल्या, म्हणजे मीटरकाकांना डोळे पुसता येतील.

वर जाऊन त्यांनी दूध तापवलं, बोट घातलं, भाजून घेतलं. विरजण लावलं. मग उशीखालची शाल आणली आणि जरा वेळ हातात धरून भांड्याभोवती गुंडाळली.

सकाळी दही लागलं होतं. चमचा उभा केला तर उभा राहिला. शाल घडी करताना त्यांनी ती नाकाला लावली. जो वास उडू नये म्हणून इतके दिवस जपला होता, तो दुधाचाच होता. आता जरा ताजा झाला होता, एवढंच.

त्यांनी आधी उद्यासाठी चमचाभर दही बाजूला काढलं. मग दुसऱ्या वाटीत आणखी चमचाभर काढलं आणि ती घेऊन ते खाली गेले.

"हे तुमच्याकडे ठेवा," ते म्हणाले. "माझं बिघडलं तर असावं."

"बिघडणारच आहे," शिवणबाई म्हणाल्या, आणि टाचण्या ओठांत धरून त्यांनी वाटी घेतली.